खालचा चंबू

कंपाउंडरमामा कुणालाही ‘घरी या’ असं कधी म्हणाले नाहीत. सोयऱ्याला नाही, हेडमास्तरांना नाही, मलाही नाही. ऐतवारी सकाळी नऊच्या सुमाराला ते ओट्यावर लाकडी स्टूल मांडायचे, त्यावर काचेचं ते यंत्र ठेवायचे, खाली स्पिरिटचा दिवा पेटवायचे आणि रस्त्याकडे पाठ करून पेपर वाचत बसायचे. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, “आपण बोलवायचं, अन् समोरचा आला न्हाई, तर दोघांलाबी तोंड लपवावं लागतं. कशाला? दिवा दिसतो. ज्याला यायचं तो येतो.”

मंठ्याच्या सरकारी दवाखान्यात ते वीसेक वर्षं कंपाउंडर होते. मूळचे कुंभार पिंपळगावचे, आमच्यातलेच. छप्पन साली धर्मांतर झालं तेव्हा घरातले देव पोत्यात भरून नदीला नेणाऱ्यांत ते पहिले होते. सारा गाव त्यांना कंपाउंडर म्हणे, आम्ही बौद्ध वस्तीतली मुलं मामा म्हणत असू. बायको लवकर वारली, मुलगी लग्न होऊन केदारखेड्याला गेली. एकटा माणूस, दवाखान्यामागच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचा. म्हणजे वस्तीबाहेर, पेठेच्या तोंडाशी. सरकारी खोली होती म्हणून राहू शकला. ती खोली सरकारची नसती, तर पेठेत त्यांना कुणी कोनाडासुद्धा दिला नसता. हे मी रागाने लिहितो आहे असं कुणाला वाटेल. रागानेच लिहितो आहे.

मोजमाप हा त्यांचा धर्म होता. पातळ औषधाच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून तिला नखाने डोसाच्या खाचा पाडायचे, त्या इतक्या सारख्या की पट्टी फिरवून लावली तरी फरक पडू नये. कॉफीची पूडही ते औषधाच्या मापानेच घेत. आणि माझी पत्रकंही त्याच मापाने वाचत. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, जालन्याच्या छापखान्यातून पत्रकं छापून आणायची आणि एस.टी. स्टँडपासून बाजारापर्यंत भिंतींवर डकवायची, एवढंच करत असे. मला बघितलं की म्हणायचे, “या, पत्रकवाले.” मग चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचायचे. हॉटेलांतल्या वेगळ्या कपांवर मी लिहिलेलं पत्रक वाचून म्हणाले, “ह्यात ‘धिक्कार’ सहा वेळा हाय. दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर, पुरे. डोस जास्त झाला की रोगी ओकतो. मंग औषधाचा काय फायदा?”

त्या कपांबद्दल बाहेरच्यांसाठी सांगतो, इथल्यांना ठाऊक आहे. हॉटेलाच्या बाहेरच्या कोनाड्यात कान तुटलेले दोन-तीन कप असायचे. आमच्या माणसाने तो कप उचलायचा, मालक वरून चहा ओतणार, उभ्याने प्यायचा, स्वतः धुवायचा, परत ठेवायचा. मामा त्या हॉटेलांत कधी गेले नाहीत आणि त्यांच्याविरुद्ध कधी बोललेही नाहीत. त्यांनी ओट्यावर दिवा लावला.

ते यंत्र त्यांना बदली होऊन गेलेल्या एका तेलुगू डॉक्टरांनी जाताना दिलं होतं. खाली गोल काचेचा चंबू, त्याला धरायला काळी दांडी, आणि त्याच्या तोंडात रबराच्या कडीने घट्ट बसवलेलं वरचं काचेचं भांडं, त्याची नळी खालच्या चंबूच्या तळापर्यंत गेलेली. खाली पाणी, वर कॉफीची पूड. दिवा लागला की थोड्या वेळाने खालचं पाणी नळीतून सरसर वर चढायचं, कुणी हात न लावता. वर उकळी फुटायची, वास रस्त्यापर्यंत जायचा. मग मामा दिवा बाजूला करत. आता सगळे गप्प. अर्धं मिनिट काहीच व्हायचं नाही आणि एकदम सगळी कॉफी फडक्यातून गाळली जाऊन गुळगुळ करत खाली यायची. मामांचं एक ठरलेलं वाक्य होतं: “वर चढवायला आग लागते. खाली यायला नुसतं थांबावं लागतं.” मला हे वाक्य आवडत नसे. थांबण्याचं कौतुक मी लहानपणापासून फार ऐकलं होतं.

पण लोक यायचे, हे खरं. हेडमास्तर यायचे, किराणा दुकानाचे शेठ यायचे आणि पेठेतले पाटील तर न चुकता यायचे. पाटील म्हणजे साठीचा उंचापुरा माणूस, मोठ्याने हसणारा, घरचं म्हशीचं दूध स्वतःच्या तांब्यात घेऊन येणारा. “कंपाउंडर, चढलं का पाणी?” असं रस्त्यातूनच विचारत यायचा. मी कोपऱ्यात बसून हिशेब करत असे. दूध पाटलाच्या घरचं. साखर शेठच्या दुकानाची. पाणी सरकारी दवाखान्याच्या हौदाचं. पेले काचेचे. या कॉफीत आमचं काय, तर दिव्याची वात. मी हे मामांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “वात तरी हाय ना?”

मग एकदा त्यांनी मला मनातलं सांगितलं. दोनेक वर्षांत ते रिटायर होणार होते. क्वार्टर सोडावं लागणार. त्यांना गावी परत जायचं नव्हतं, आमच्या वस्तीतही यायचं नव्हतं. “वस्तीत मी कवाबी येऊ शकतो,” ते म्हणाले. “मला पेठेत खोली पाहिजे. भाड्यानं. सरकारनं दिलेली न्हाई, माणसानं माणसाला दिलेली. पाटील परवा बोलून गेले, मागल्या अंगाची आमची खोली रिकामीच पडलीय म्हणून. बघू.” एवढं सांगून ते पेले पुसायला लागले. त्या ‘बघू’वर त्यांचे सात वर्षांचे ऐतवार उभे होते, हे मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, “मामा, खोली मागायची कशाला? हक्क आहे.” ते म्हणाले, “हक्क हाय. बरोबर. तू हक्काची कुलपं उघड, मी कडी वाजवून राह्यलो.”

मोठा दुष्काळ सरला त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात चंबू फुटला. त्या सकाळी शेठना जालन्याची गाडी धरायची होती. कॉफी वर चढून बसली होती, खाली उतरेना, आणि शेठ घाई करत होते, “कंपाउंडर, जल्दी करा, माझी एस.टी. चुकते.” चंबू लवकर गार व्हावा म्हणून मामा नेहमी त्यावर ओलं फडकं टेकवायचे, कोमट पाण्यात पिळलेलं. त्या दिवशी घाईत हौदातल्या पाण्यात बुडवलं. माघाची थंडी. काचेवर फडकं लागलं मात्र, खाडकन आवाज झाला, चंबूचा तळच निसटून पडला. कॉफी स्टुलावरून ओट्यावर, ओट्यावरून पायरीवर. शेठ म्हणाले, “अरेरे.” पाटील म्हणाले, “असू द्या, नवा मिळंल.” आणि सगळे आपापला पेला तसाच ठेवून उठले.

वरचं भांडं शाबूत होतं. मामांनी शाळेच्या प्रयोगशाळेतला एक चंबू मागून आणला, दवाखान्यातली रबराची बुचं कोरून पाहिली. तोंड जुळेना. वाफ बाजूने निसटायची, पाणी जागचं हलायचं नाही. शेवटी त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या कागदावर रबराच्या कडीभोवती पेन्सिल फिरवून गोल काढला, त्याखाली नळीची लांबी लिहिली आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. “तू सभांना गावोगाव फिरतो. खालचा चंबू पाहिजे, तोंड बराबर एवढं. अख्खं यंत्र घ्यावं लागलं तरी घे.” पैसेही दिले.

पुढच्या ऐतवारी त्यांनी पातेल्यात कॉफी केली. स्टूल तेच, पेले तेच, पूड तीच. रस्त्याकडे पाठ करून पेपर वाचत बसले. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या ऐतवारी हेडमास्तर रस्त्यातून म्हणाले, “आज उपास आहे.” शेठना पित्त झालं होतं. पाटील शेताकडे गेले होते, सलग चार ऐतवार. मी आणि मामा दोघंच कॉफी प्यायलो आणि मामांनी सहाच्या सहा पेले धुतले. न वापरलेले चार पेलेही धुतले. मला ते बघवलं नाही, म्हणून मी उठून निघालो, तर म्हणाले, “बैस की. पेपर वाच.”

फाल्गुनात पाटील मला एस.टी. स्टँडवर भेटले. त्यांनीच खांद्यावर हात ठेवला. हो, खांद्यावर. माणूस प्रेमळ होता, तेच तर अवघड आहे.

“काय रे, कंपाउंडरची ती काच मिळाली का?”

“शोधतोय.”

“शोध बाबा. आमचे ऐतवार सुने गेले.”

“मग या की. मामा दर ऐतवारी करतातच.”

“पातेल्यात?” पाटील हसले. मग माझं तोंड बघून जरा गंभीर झाले. “हे बघ, तू शिकलेला हाय. कंपाउंडर माणूस सोन्यासारखा, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं न्हाई. पण यंत्राची गोष्ट वेगळी. काचेला अन् यंत्राला विटाळ नसतो. आमची आजी कुणाच्या घरचं पाणी प्यायली न्हाई जन्मात, पण गोळीची सोड्याची बाटली प्यायची. तसं हाय ते. आता पातेल्यातलं कसं प्यायचं? तूच सांग.”

मी पिशवी उचलली. माझी गाडी लागली होती. जालन्यापर्यंत मी उभा होतो, बसायला जागा असून. सात वर्षं! सात वर्षं ही माणसं मामांच्या ओट्यावर बसली आणि एकदाही मामांच्या हातचं प्यायली नाहीत. सोड्याची बाटली प्यायली. आणि मामा बिचारे कडी वाजवत राहिले, असं मला वाटलं. ‘बिचारे’ हा शब्द मी तेव्हा मनात वापरला, तो आता खोडत नाही.

तरी चिठ्ठी खिशात होती आणि मी विचारत होतो. जालन्यात भांड्यांच्या दुकानदाराने मला थर्मास दाखवला, मग समोवार दाखवला, मग म्हणाला, “दादा, दूध उकळून त्यात जायफळ घाला, यंत्र कशाला?” औरंगाबादला शाळांना काचसामान पुरवणाऱ्याने चिठ्ठी उलटी-सुलटी करून पाहिली आणि हा कुठला रोग, असं विचारलं. मग उन्हाळ्यात एका परिषदेसाठी रेल्वेने हैदराबादला गेलो. जुन्या सामानाच्या बाजारात एका म्हाताऱ्या मियाँकडे, घड्याळं आणि ग्रामोफोनच्या कर्ण्यांमध्ये, ते होतं. अख्खं. खालचा चंबू, वरचं भांडं, साखळी लावलेली गाळणी, दिवासुद्धा.

“साब लोगां का सामान है,” मियाँ म्हणाले. “नीचे का अकेला नै देतूँ. पूरा लेलो.”

मी चिठ्ठी काढली, रबराच्या कडीखाली धरली. पेन्सिलीचा गोल आणि कडी, केसाचा फरक नाही. मियाँ खूश झाले. “आपकाच है मियाँ, आपकी राह देख रा था.”

पैसे खिशात होते. मी ते यंत्र हातात घेऊन किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. माझ्या डोळ्यांसमोर पाटील दिसत होते, तांब्या घेऊन येणारे, चढलं का पाणी विचारणारे. हे यंत्र नेलं की दुसऱ्याच ऐतवारी सगळे येणार. पित्त जाणार, उपास सुटणार. आणि आमचा एक म्हातारा माणूस त्यांच्या शिवाशिवीला काचेची वाट करून देणार, आपल्या हाताने, आपल्या पैशाने. मी चुकलो असेन, पण त्या क्षणी मला ते कोनाड्यातल्या कपापेक्षा वाईट वाटलं. कोनाड्यातला कप निदान खोटं बोलत नाही. मी यंत्र खाली ठेवलं. मियाँ म्हणाले, “क्या हुआ? कुछ कम कर देतूँ.” मी मान हलवली आणि चालू लागलो.

मंठ्याला आल्यावर मामांना सांगितलं, “नाही मिळाला.” खरं कारण सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, आण. म्हणून सांगितलं नाही. पैसे परत दिले. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “हैदराबादेतबी न्हाई?” म्हणाले. “नाही.” “मंग कुठंच न्हाई,” ते म्हणाले आणि दवाखान्यात गेले, कारण बाहेर रांग होती.

मी मात्र मोकळा झालो होतो. यंत्राच्या विटाळावर एक जळजळीत पत्रक लिहिलं, नावं न घेता, पण गावाला कळेल असं. ते पेठेच्या तोंडाशी लावलं. पाटलांनी ते वाचलं, असं ऐकलं. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत आणि मामांशीही. पुढच्या वर्षी रिटायरमेंट जवळ आली तेव्हा मामा पहिल्यांदा स्वतः कुणाच्या दारी गेले. पाटलांनी त्यांना अंगणातच सांगितलं की मागची खोली जावयासाठी लागणार आहे. जावई मुंबईला नोकरीला होता, तो कधी यायचा नव्हता, हे अख्ख्या पेठेला ठाऊक. मामांनी आणखी दोन ठिकाणी विचारलं. मग विचारलं नाही. जूनमध्ये ते ट्रंक आणि वळकटी घेऊन एस.टी.त बसले आणि कुंभार पिंपळगावला गेले. निरोपाला आम्ही वस्तीतली आठ-दहा माणसं होतो. हेडमास्तर सायकलवरून आले, नमस्कार करून गेले.

वर्षाने मी पिंपळगावला गेलो. भावाच्या घराच्या पडवीत त्यांची खाट होती. वाळले होते. शेजारची बाई पोराला घेऊन खोकल्याचं विचारायला आली होती, तिला ते चिठ्ठी लिहून देत होते. ती गेल्यावर मी सांगितलं. सगळं सांगितलं, एस.टी. स्टँडपासून हैदराबादेपर्यंत. पाटलाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, आजीची सोड्याची बाटलीसुद्धा.

मामांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, “ते मला पहिल्याच वर्षी कळलं होतं.”

“काय?”

“सोड्याची बाटली. शेठनंच सांगितलं होतं मला, तोंडावर, हसत. मला काय येडा समजला का तू?” आवाज चढला नव्हता. “पहिल्या वर्षी ते उभ्यानं पीत होते. दुसऱ्या वर्षी बसले. पाचव्या वर्षी हेडमास्तरनं माझ्या घरातला भाजलेला पापड खाल्ला. काच नव्हती मधी, यंत्र नव्हतं. सातव्या वर्षी पाटील खोलीचं बोलले. मी मोजून राह्यलो होतो रे. मला अजून दोन वर्षं पाहिजे होती.”

“मामा, पण दोन वर्षं का म्हणून मागायची? माणसासारखं वागायला त्यांना नऊ वर्षं का द्यायची आपण?”

“देऊ नये,” ते लगेच म्हणाले. “तुझं बरोबर हाय. बिलकुल बरोबर हाय. पण ते यंत्र माझं होतं. फोडायचं का आणायचं, मी ठरवलं असतं. जन्मभर माझं दुसऱ्यांनीच ठरवलं, कुठं उभं राहायचं, कुठं बसायचं. त्यात तू एक.”

मी बरोबर होतो आणि मी त्यांच्यावर अन्याय केला, या दोन्ही गोष्टी मी एका पत्रकात मावतील अशा लिहून पाहिल्या. मावल्या नाहीत.

त्यांच्या वहिनीने चहा आणला. दोघं प्यायलो. मी निघायला उठलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं आता काही बोलतील, रागावतील. मी तयार होतो. ते म्हणाले, “कसं होतं रे ते? हैदराबादेतलं.”

“तसंच,” मी म्हणालो.

“तसंच म्हंजे? नीट सांग.”

मी सांगितलं. दांडी लाकडी होती, काळी नव्हती. काच थोडी हिरवट. गाळणीला बारीक साखळी, टोकाला आकडा. दिव्याला पितळेचं झाकण. ते डोळे मिटून ऐकत होते आणि मी कुठे थांबलो की ‘अन्?’ म्हणत होते. मी सगळं सांगून संपवलं. मग, काही उरू नये म्हणून, म्हणालो, “वरच्या भांड्याच्या काठाला एक टवका उडालेला होता.”

“त्यानं काय होत न्हाई,” मामा म्हणाले. “वरचं माझ्याकडं हाय.”